झोपायला जागा नसलेली गाडी

पंचेचाळीस तास

गाठ मी सोडली. नाहीतर या भानगडीत माझं काही काम नव्हतं.

शनिवार, सकाळचे अकरा. विधी माझ्या दुकानाच्या दारात उभी, एक बोट तोंडात धरून.

"अक्का, दाभण घेऊन या. दप्तराची गाठ सुटत नाहीये. माझं नख गेलं."

विधी ही उत्तमचंद शेठजींची सून. शेठजी जळगावच्या ट्रान्सपोर्टनगरात जुन्या ट्रकांचे सौदे लावून देतात. मी, सुनंदाबाई, त्यांच्या भिंतीला लागून ताडपत्र्या शिवते. अठ्ठावीस वर्षं. पलीकडे काय बोलतात ते भिंतीतून ऐकू येतं, पण मी लक्ष देत नाही. बहुतेक वेळा.

शेठजींच्या टेबलावर लाल कापडाचं दप्तर पडलं होतं. आत चालू सौद्यांच्या फायली. वरून सुतळी. शेठजी त्या सुतळीला रोज फुलाची गाठ मारतात, एक टोक ओढलं की सुटते. आजची गाठ तशी नव्हती. मी दाभण घातलं, दोन पीळ उलटे काढले, आत खोचलेलं टोक बाहेर ओढलं. सुटली.

शेठजींनी फायली मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग चष्मा पुसला, जसं काही चूक चष्म्याचीच आहे.

"एकतीस शून्य सहाची फाईल नाही," ते म्हणाले.

दारात बाकावर एक माणूस बसला होता. तो उठला नाही. हातातला चहा मात्र त्यानं खाली ठेवला. फाईल त्याच्या गाडीची होती.

पंचेचाळीस तास, पण गाडीबद्दल

धुळ्याचा सहाचाकी ट्रक. दहा वर्षं जुना. डे केबिन, म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीला लागून सरळ पत्रा. मागे झोपायचं बाकडं नाही. अशी गाडी लांब जात नाही. सकाळी निघते, माल टाकते, संध्याकाळी घरी येते.

विकणारा: तोताराम, धुळे. तीन ट्रकांचा मालक.

त्याचा ड्रायव्हर: वना.

घेणारा: योगेंद्र, पाचोरा. एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवले. कोचीन, गुवाहाटी, लुधियाना. आता स्वतःची गाडी.

त्याला डे केबिनच का हवी होती, हे सगळ्या ट्रान्सपोर्टनगराला माहीत होतं. त्याच्या बायकोची, मेघाची अट होती. गाडी घ्या, पण जिच्यात झोपायला जागा नाही अशीच घ्या. लोक हसले होते. तोही हसला होता.

जामनेरच्या एका जिनिंगमध्ये त्याला काम मिळालं होतं. कापसाच्या गाठी उचलायच्या, जळगावच्या मालधक्क्यावर टाकायच्या, दिवसाला दोन खेपा, पूर्ण हंगाम. सोमवारी सकाळी आठला गाडी कागदांसकट गेटवर. आठ म्हणजे आठ. मागे दुसरा गाडीवाला थांबलेलाच होता.

पंचेचाळीस तास, पण फाईलबद्दल

शेठजींनी डोळे मिटून सांगितलं, मी माझ्या मापांच्या वहीत लिहून घेतलं.

आरसी. विमा. फिटनेस. परमिट. तोतारामच्या सहीचे विक्रीचे फॉर्म. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलनं घासून काढलेला ठसा. फायनान्स कंपनीचा नाहरकत दाखला. योगेंद्रचे दोन फोटो. योगेंद्रचं ओरिजिनल लायसन, कारण शुक्रवारी दुपारपासून लाईट नव्हती आणि झेरॉक्स निघत नव्हती.

"बाकीचं परत काढता येईल," विधी म्हणाली. "नाहरकत दाखला नाही. तो परत मिळायला महिना."

"पोलिसात?" मी विचारलं.

"पोलिसात कशाला," बाकावरून योगेंद्र म्हणाला. सकाळपासूनचं त्याचं पहिलं वाक्य. "शेठजींचं नाव खराब होईल. सापडेल इथंच कुठे."

शेठजींनी माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांपूर्वी इथे उभ्या गाड्यांच्या ताडपत्र्या कोण कापतं ते मी शोधलं होतं, कापाच्या तिरकेपणावरून. तेव्हापासून माझ्याकडे असं बघतात.

"सुनंदाबाई, पस्तीस साल झाले धंद्याला. एक कागद कधी गहाळ नाही झाला," ते म्हणाले. "कपाटाचं कुलूप शाबूत आहे."

"किल्ली?"

"कॅलेंडरमागे. खिळ्याला."

"हे कोणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना," विधी म्हणाली. "कॅलेंडर त्या जागी फुगलेलं आहे, पप्पा."

मी सुतळी बोटाला गुंडाळली. माझी खात्री झाली होती, पण ती मला आवडली नव्हती. शेठजींचं दप्तर बांधणारा हात कारकुनाचा नव्हता. ट्रकवर दोर टाकणारा हात होता. आणि तोही जवळपास फिरणाऱ्याचा नाही.

चव्वेचाळीस तास

विधीशी, तिच्या कॉम्प्युटरसमोर.

— काल काय झालं?

— तीनला सगळे आले. सह्या झाल्या. साडेचारला पप्पांनी दप्तर बांधलं, मागच्या खोलीत कपाटात ठेवलं. सव्वापाचला ते घरी गेले, सूर्यास्ताच्या आत जेवायला. हे पण सगळ्यांना माहीत आहे.

— मग?

— मी पावती हातानं लिहीत बसले. तिघं इथेच बाकावर. तोतारामभाऊ, वना, योगेंद्रभाऊ. लाईट नाही, पंखा नाही, तरी कोणी हलेना.

— मागे कोण गेलं?

— तिघंही. माठ मागे आहे ना. एकेकदा गेले.

— सगळ्यात जास्त वेळ कोणाला लागला?

— अक्का, माणूस पाणी प्यायला किती वेळ लावतो ते मी लिहून ठेवत नाही.

— आणि तू? तुला ही दप्तरं आवडत नाहीत म्हणे.

— नाहीच आवडत. मी सगळं स्कॅन करून ठेवा म्हणते तर पप्पा म्हणतात, कॉम्प्युटरला लाईट लागते. काल खरंच लाईट गेली. त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी दोनदा सांगितलं.

ती हसली. मग तुटलेलं नख चाचपू लागली. स्वतः मारलेली गाठ सोडताना कोणी स्वतःचं नख घालवत नाही.

योगेंद्रशी, ओट्यावर.

"तू मागे का गेलास?"

"पाणी प्यायला."

"कपाट उघडं दिसलं?"

"अंधार होता, अक्का."

"तुझं जातंय काम. तू आरडाओरडा का करत नाहीस?"

त्यानं खिशातून मोबाइल काढला, बघितला, परत ठेवला. "मेघाचे सहा मिस्ड कॉल आहेत. तिला काय सांगू ते आधी ठरवतोय. आरडाओरडा नंतर."

मला त्याची कीव आली. चौकशी करणाऱ्याला ती येऊ नये.

त्रेचाळीस तास

गाडी धुळ्याला तोतारामच्या वाड्यात उभी होती. शेठजींनी आपली जुनी व्हॅन दिली, चावी योगेंद्रच्या हातात. मी शेजारी बसले. कालच तो एक जुनी ताडपत्री ठिगळं लावायला माझ्याकडे टाकून गेला होता, तिच्यासाठी गाडीची मापं घ्यायचीच होती, म्हणजे जायला निमित्त होतं.

योगेंद्र गाडी चांगली चालवतो. एरंडोलपर्यंत एकदाही कचकन ब्रेक लागला नाही. पण त्याचा डावा पाय सारखा हलत होता.

"मुलगी कितवीला?" मी विचारलं.

"नववी." मग थोडं थांबून, "दहावी. जूनमध्ये दहावीत गेली."

पारोळ्याच्या अलीकडे पोलिसांनी बाजूला घेतलं. हवालदार खिडकीशी वाकला. योगेंद्रनं न बोलता वरच्या खिशात बोटं घातली, लायसन काढून दिलं. हवालदारानं उलटसुलट बघितलं.

"कव्हर बदला राव. फोटो दिसत नाही."

"बदलतो साहेब."

"मावशी कोण?"

"ताडपत्रीवाल्या."

"असं," हवालदार म्हणाला, जणू ताडपत्रीवाल्यांसाठी वेगळा कायदा असतो, आणि जा म्हणून हात केला.

मी मात्र गाठीचाच विचार करत होते. जवळपास फिरणारा ड्रायव्हर दिवसातून चारदा दोर सोडतो, म्हणून तो ओढायला फासा ठेवतो. लांबचा माणूस दोन पीळ जास्त देतो आणि टोक आत खोचतो. बाहेर राहिलेलं टोक हायवेच्या वाऱ्यानं रात्रभर फटके मारतं आणि ताडपत्री फाडतं. मी त्या फाटलेल्या शिवते, म्हणून मला माहीत.

वना डे केबिनवर होता. जवळचा माणूस. तोताराम मालक, त्यानं दहा वर्षांत दोराला हात लावला नसेल. मग गाठ कोणाची?

चाळीस तास

तोताराम खुर्ची टाकून उन्हात बसला होता. जानेवारीचं ऊन, तरी डोक्यावर टॉवेल.

"फाईल हरवली? ते शेठजींनी बघावं. माझ्या सह्या झाल्या, मी मोकळा." तो योगेंद्रकडे वळला. "गाडी बघून घे भाऊ. अशी गाडी मिळणार नाही. लोकलच फिरलेली. शिरपूर, साक्री, दोंडाईचा. त्याच्या पुढे गेली नाही कधी."

मी टेप काढला. लांबी घेतली, रुंदी घेतली, दोर अडकवायच्या आकड्यांसाठी खाली वाकले. आणि तशीच राहिले.

चेसिसच्या दोन आडव्या पट्ट्या. दोन्हींवर, बरोबर समोरासमोर, रंग उडून लोखंड चकचकीत झालेलं. बोट घालावं एवढी घासलेली खाच. एका खाचेत निळ्या नायलॉनचे धागे.

"वना," मी खालूनच हाक मारली. "इथं झोपायची झोळी कोणाची?"

वना गाडीच्या पलीकडे उभा होता. मला फक्त त्याच्या चपला दिसत होत्या. त्या हलल्या नाहीत.

"मन्ही," तो म्हणाला.

मी बाहेर आले. लोकल गाडीच्या पोटाखाली कोणी झोळी बांधत नाही. संध्याकाळी घरी जाणाऱ्याला झोळी लागत नाही.

"कुठपर्यंत नेली गाडी?"

वनानं मालकाकडे बघितलं. मालक टॉवेलाचं टोक नीट करत होता.

"वापी. इंदूर. दोनदा नागपूर," वना म्हणाला. "केबिनम्हा पाय लांब व्हत नहीत. मंग खाले झोळी बांधी लेऊ."

"सगळेच करतात," तोताराम म्हणाला. "गाडी चांगली आहे की नाही ते बोला."

आता योगेंद्र भडकेल असं मला वाटलं. दहा वर्षांची लोकल म्हणून घेतलेली गाडी नागपूरला जाऊन आली होती. तो मात्र पाठीवर आडवा झाला, गाडीखाली सरकला. त्यानं खाचेत अंगठा घातला. बराच वेळ घातलेला ठेवला.

"हवा येते का रे इथं?" त्यानं विचारलं.

"हिवाळाम्हा गार लागस. उन्हाळाम्हा भारी झोप येस," वना म्हणाला.

"हां," योगेंद्र खालून म्हणाला. "येत असेल."

मी वनासमोर दोर टाकला. "गाठ मार. माप घ्यायचंय."

त्यानं मारली. दोन पीळ. टोक आत.

मी खिशातली सुतळी काढून तोतारामला दाखवली आणि दप्तराचं सांगितलं. तो खुर्चीतून अर्धा उठला. "मग झालं की. हाच. गाडी विकली तर याचं काम जातं, म्हणून फाईल लांबवली. काढ रे."

वनाच्या कपाळाची शीर वर आली होती. पण आवाज चढला नाही.

"मी कसाले फाईल लिसू? आबा, तुम्हनी माले पाच वरीस गाडीखाले झोपाडं. गाडी इकायनी का मी सुटनू. मन्हा सालासना ट्रॅक्टर शे चोपडाले, केळीना घड वाहाना. रोज रातले घर. मी ते देवले नवस कया व्हता का ही गाडी इकी जावो."

तोताराम खाली बसला. त्यानं मला विचारलं, "चहा घेणार का?"

वना खोटं बोलत नव्हता. पण गाठ त्याच्यासारखीच होती.

साडेअडतीस तास

परतीच्या रस्त्यावर मी वहीत लिहिलं. व्हॅन हलत होती, अक्षर वाकडं आलं.

सौदा मोडावा असं कोणाला वाटत होतं?

शेठजी: नाही. पस्तीस वर्षांचं नाव.

विधी: नाही. शिवाय नख.

तोताराम: नाही. त्याला गाडी खपवायची होती, झोळी कोणाला दिसायच्या आत.

वना: नाही. नवस.

योगेंद्र:

तिथे पेन थांबलं. योगेंद्रसमोर काही लिहायची गरजच नव्हती. सगळ्यात जास्त त्याचंच जात होतं. मी वही मिटली. मग उघडली. पान उलटून फायलीची यादी वाचली. शेवटची ओळ मी स्वतः सकाळी लिहिली होती.

"एरंडोलला थांब," मी म्हणाले. "चहा पिऊ."

अडतीस तास

ऊन उतरलं होतं. टपरीवर आम्ही दोघंच.

"योगेंद्र, लायसन दे बरं."

त्यानं दिलं. विचार न करता, खिशात बोटं घालून, पोलिसाला दिलं तसंच. मी ते हातात धरून ठेवलं. पिवळं पडलेलं कव्हर, पुसट फोटो.

तो माझ्या हाताकडे बघत राहिला. डावा पाय हलायचा थांबला.

"हे काल फायलीत होतं," मी म्हणाले. "शेठजींनी सकाळी तुझ्यासमोर सांगितलं. फाईल नाही, आणि फायलीतलं लायसन तुझ्या खिशात."

"मोबाइलमध्ये पण असतं हल्ली."

"असतं. हे प्लास्टिकचं आहे."

चहावाल्यानं कप ठेवले. तो जाईपर्यंत आम्ही कपांकडे बघितलं.

"तू सगळी फाईल घेतलीस आणि त्यातून एकच वस्तू काढलीस. दुसऱ्या कोणी ती काढली नसती. ड्रायव्हर लायसनशिवाय रस्त्यावर उतरू शकत नाही, म्हणून तुझ्या हातानं ते आपोआप खिशात टाकलं. त्याच हातानं दप्तर बांधलं. कारकुनी फूल त्याला जमलं नाही. एकोणीस वर्षांची गाठ जमली."

"वनाची पण तशीच आहे."

"आहे. म्हणून मला धुळ्यापर्यंत जावं लागलं. आणि मी स्वतःच मूर्ख. काल सहा वाजता तू माझ्याकडे ती ताडपत्री टाकून गेलास. जुन्या बाजारात घेतलेली, दुपारपासून शेठजींच्या ओट्यावर पडलेली. म्हणालास, ठिगळं लावा, पण घाई नाही, पुढच्या आठवड्यात उघडा. सोमवारी सकाळी कापूस भरायचाय, आणि ताडपत्रीला घाई नाही?"

त्यानं कप उचलला. प्यायला नाही.

"फाईल त्या घडीत आहे ना?"

"मधल्या घडीत," तो म्हणाला. "प्लास्टिकमध्ये गुंडाळून. भिजू नये म्हणून."

अडतीस तास, अजून

रस्त्यावरून एक लांबलचक ट्रेलर गेला. तो दिसेनासा होईपर्यंत योगेंद्रची मान त्याच्याबरोबर फिरली. मग तो बोलला. सलग नाही. मी जोडून सांगते.

मी घरी दोन दिवस असतो, अक्का. पहिल्या दिवशी मटण. दुसऱ्या दिवशी कपडे धुऊन, घडी करून पिशवीत. तिसऱ्या दिवशी मी रस्त्यावर. करोनात सगळं जग घरी होतं, मी आसाममध्ये अडकलो. तिसऱ्या दिवशी घरातला मी कसा असतो ते मला माहीतच नाही. मुलगी कितवीला ते तुम्ही विचारलं, मी चुकलो. मेघा म्हणाली बिनझोपायची गाडी घ्या, मी हो म्हणालो, आणि त्या दिवसापासून मला झोप नाही. काल सही केली. पाणी प्यायला गेलो तर किल्ली हाताला लागली. ठरवून गेलो नव्हतो. सोमवार निघून गेला असता, काम दुसऱ्याला मिळालं असतं. मग तुम्हाला फाईल सापडली असती. कोणाचं नुकसान नाही.

"वनावर आळ आला," मी म्हणाले.

"हो."

"शेठजींनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. अंधार पडला की ते आता उद्यापर्यंत खाणार नाहीत."

मी लायसन परत दिलं. शेठजींना फोन केला, फाईल सापडली, जेवून घ्या, बाकी उद्या. त्यांनी कुठे म्हणून विचारलं. मी ऐकू येत नाही म्हणाले.

"फाईल मी देणार नाही," मी योगेंद्रला सांगितलं. "घडी तू घातलीस, तूच उलगड. उद्या. सगळ्यांसमोर. मेघाला बोलाव."

"ती काय म्हणेल?"

"मला काय माहीत. मी ताडपत्र्या शिवते."

बावीस तास

रविवार, सकाळी दहा. माझ्या दुकानाच्या फरशीवर ताडपत्री. भोवती शेठजी, विधी, गाडी घेऊन आलेला वना, आणि पाचोऱ्याहून सकाळच्या गाडीनं आलेली मेघा. तोताराम आला नव्हता. त्यानं निरोप पाठवला होता की त्याला ताप आहे.

योगेंद्र गुडघ्यावर बसला. एक घडी. दुसरी. तिसरीतून प्लास्टिक काढलं.

"मीच ठेवली होती," तो म्हणाला. आधी वनाकडे बघून. "तुला ऐकून घ्यावं लागलं. चुकलो." वनानं मान हलवली, ती हो की नाही ते कळलं नाही.

मग मेघाला सांगितलं. काल मला सांगितलं त्याच्या निम्मं, पण तिसऱ्या दिवसाचं सांगितलं.

शेठजी फाईल तपासत राहिले. पान पान. तेवढ्या वेळात दुसरीकडे बघायची सोय झाली.

मेघा रडली नाही. तिनं पदर खोचला आणि खाली बसली, ताडपत्रीवरच, त्याच्यासमोर.

"तुम्हाला काय वाटतं, मला माहीत आहे तुम्ही तिसऱ्या दिवशी कसे असता?"

"तूच म्हणालीस अशी गाडी..."

"म्हणाले. आणि रोज देवाला विचारते, का म्हणाले. एकोणीस वर्षं मी माझ्या वेळेला उठते, माझ्या वेळेला दिवा मालवते. टीव्हीचा रिमोट कुठे ठेवायचा हे सुद्धा माझं ठरलेलं आहे. मला भीती नाही वाटत का? पण मी कोणाची फाईल लपवली नाही."

विधी हळूच म्हणाली, "मी चहा आणते," आणि जागची हलली नाही.

"नको असेल तर नको म्हणा," मेघा म्हणाली. "तोंडानं. शेठजी सौदा मोडतील. परत जा गुवाहाटीला. मी भांडणार नाही. पण परत मला बिनझोपायच्या गाडीचं गाजर दाखवायचं नाही."

योगेंद्रनं ताडपत्रीचा कोपरा हातात धरला होता. तो बोटानं कड चाचपत होता, जसं शिवण तपासतात.

"जमलं नाही तर?" त्यानं विचारलं.

"तर नाही जमलं. सोमवार, मंगळवार, बुधवार तर बघू."

शेठजींनी घसा साफ केला. "कागद बराबर आहेत सगळे. पण लाईट आहे तोवर लायसनची झेरॉक्स काढून घेऊ या. मेहरबानी करून."

योगेंद्रनं लायसन दिलं. विधीनं झेरॉक्स काढली आणि ओरिजिनल त्याच्या खिशात परत स्वतः घातलं.

वना निघताना गाडीखाली शिरला. झोळीचा निळा दोर त्यानं सोडून आणला होता, तरी राहिलेले धागे नखानं काढले. "आते ह्याना काही काम नही," तो म्हणाला, आणि चोपड्याच्या एसटीला गेला.

शून्य

सोमवारी सकाळी पावणेआठला जामनेरहून विधीच्या मोबाइलवर फोटो आला. गेट, ट्रक, ठिगळं लावलेली ताडपत्री. ठिगळं मी रविवारी दुपारभर बसून लावली. योगेंद्र फोटोत नव्हता, काढणारा तोच होता.

मंगळवारी काही नाही.

बुधवारी मी उगीच अस्वस्थ. दोनदा सुई बोटात गेली. सांजवात लावली, भाकरी टाकली, आणि फोन वाजला. मेघा.

"आले का?" मी विचारलं.

"आले. साडेसहालाच आले."

"मग?"

"मग काय, अक्का. आल्याआल्या म्हणाले, भेंडीत पाणी का घातलं. मी म्हटलं, एकोणीस वर्षं अशीच करते, पोरगी अशीच खाते. तर म्हणतात, मग एकोणीस वर्षं चुकीची करतेस. तेव्हापासून भांडतोय."

"अरे देवा."

"नाही, तुम्ही ऐका," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात काहीतरी होतं, हसू की धाप, मला ठरवता आलं नाही. "आम्ही कधी भांडलोच नव्हतो. दोन दिवसांच्या माणसाशी कोण भांडतं? त्याला चांगलंचुंगलं करून घालायचं आणि पाठवायचं."

मागून योगेंद्रचा आवाज आला. कोणाला फोन लावलास, अक्कांना काय सांगतेस, त्यांनाच विचार भेंडीत पाणी घालतात का. मेघानं तोंड फिरवून त्याला काहीतरी उत्तर दिलं. त्यानं त्यावर दिलं. मुलगी मधे पडली, दोघांनी मिळून तिला अभ्यासाला बस म्हणून सांगितलं आणि पुन्हा सुरू झाले.

फोन ठेवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. मी थोडा वेळ ऐकलं. मग मीच ठेवला.